कोरड्या उन्हातून ओल्या उन्हात

वैशाखात जळगावहून मुंबईला निघालेल्या माणसाला गल्लीत हमखास ऐकू येतं, "सुटले तुम्ही उन्हातून." नुसते आकडे पाहिले तर बोलणाऱ्याचं चुकत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४३-४४ अंशांवर असतो, मुंबईचा ३३-३४वर. पण हवामान खातं दोन्ही ठिकाणांना एकच माप लावत नाही. उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात पारा ४० गाठतो तेव्हा सुरू होतो, किनाऱ्यावर ३७लाच. किनाऱ्याला दिलेली ही तीन अंशांची सवलत दमट हवेपायी आहे. उन्हाळ्यात खान्देशातून मोठ्या शहराला जाणाऱ्याची बॅग कशी भरायची, याचं जवळजवळ सगळं उत्तर तिच्यात सापडतं. आपण कोरड्या उन्हातून ओल्या उन्हात चाललेलो असतो.

माझं माहेर जळगावचं, सासर धुळ्याचं. दोन्ही घरांतलं कुणी ना कुणी कल्याणला, बदलापूरला, सुरतेच्या उधना भागात आहे. त्यामुळे चैत्र लागला की दोन्हीकडे बॅगा भरल्या जाताना मी पाहत आले आहे, आणि आता स्वतः भरते. हे काम बायका करतात आणि त्याला कुणी काम म्हणत नाही. मला ते शेतातल्या पेरणीइतकंच विचारपूर्वक केलेलं काम वाटतं.

कपड्यांपासून सुरुवात करते, कारण चूक तिथेच जास्त होते. धुळ्यात दुपारी घराबाहेर पडणारा माणूस पूर्ण बाह्यांचा जाडसर सुती सदरा घालतो, डोक्याला रुमाल बांधतो, कानही झाकतो. बाया तोंडावर स्कार्फ घट्ट गुंडाळतात. त्याला कारण आहे. अंगाच्या कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं आणि बाहेरची हवा त्याहून सात-आठ अंशांनी तापलेली असते. अशा वेळी वाऱ्याची झुळूक गारवा देत नाही, अंगाला चटके देते. जाड कापड त्या झळांपासून राखतं. घाम येतो, पण तो दिसत नाही. येताक्षणी उडून जातो आणि सदऱ्यावर मिठाचा पांढरा पट्टा तेवढा उरतो.

तोच सदरा घालून माणूस दादरला उतरला की अर्ध्या तासात चिंब होतो. तिथली हवा कातडीपेक्षा थोडी थंडच असते, म्हणून झाकून घेण्यात काही फायदा नाही. घाम वाळत नाही, ओघळतो. तिथे पातळ, सैल, अर्ध्या बाह्यांचे कपडे हवेत आणि ते जास्त हवेत. जळगावात एका सदऱ्यावर दिवस निघतो, मुंबईत दिवसाला दोन लागतात. आतले कपडे आणि हातरुमाल तर नेहमीच्या दुप्पट घ्यावेत. खळ दिलेली सुती साडी आमच्याकडे उन्हाळ्याची शान आहे, पण ती मुंबईत सकाळी नेसली तर दुपारपर्यंत चुरगळून अंगाला चिकटते. साडी सुतीच न्यावी, खळ न देता न्यावी. जाड टर्किश टॉवेलऐवजी दोन पंचे घ्यावेत. टॉवेल खोलीतल्या दांडीवर रात्रभर पंख्याखाली टाकला तरी सकाळी ओलसरच हाताला लागतो, पंचा वाळतो.

निघायच्या दिवशी कपडे धुण्याची आमची सवयही इथे नडते. जळगावात दुपारी दोरीवर टाकलेला कपडा तासाच्या आत कडक वाळतो, म्हणून लोक शेवटच्या घटकेला धुतात आणि दोरीवरून थेट बॅगेत भरतात. शिवणीत, कमरपट्ट्यात थोडी ओल राहिली तर इथे काही बिघडत नाही, कारण इथली हवा ती ओढून घेते. मुंबईच्या हवेत तीच ओल वाढते आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या बॅगेला कुबट वास येतो.

कोरडी हवा आमच्यासाठी किती करते ते छागल पाहिलेल्यांना ठाऊक आहे. कॅनव्हासची ती पाण्याची पिशवी पूर्वी रेल्वेच्या खिडकीला बाहेरून टांगलेली असायची. कापडातून पाझरणारं पाणी उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जायचं. हिशेब असा आहे: हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २२-२३ अंशांपर्यंत उतरतो. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर तो २८च्या आसपासच थांबतो. म्हणजे मुळात कमी तापलेल्या मुंबईत छागलीतलं पाणी जळगावपेक्षा कमी गार होतं. जळगावात घरोघरी गवताच्या ताट्यांचे कूलर चालतात आणि मुंबईत ते कुणी लावत नाही, त्याचंही कारण हेच. माठाचं तेच, आणि घामाचंही तेच. आता खिडकीला छागल दिसत नाही, पण इगतपुरी मागे पडून गाडी कसारा घाट उतरली की हवेतला बदल आजही अंगाला कळतो. तोवर तोंडावरचा रुमाल सोडायची वेळ झालेली असते.

आता बॅगेचा दुसरा, आणि आमच्याकडे मोठा, भाग. खान्देशी माणूस मुंबईला स्वतःपुरतं सामान घेऊन जातच नाही. ज्यांच्याकडे जायचं त्यांचा वर्षाचा साठा त्याच्याबरोबर निघतो: उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या चिकाच्या कुरडया, शेवया, काळा मसाला, कळण्याचं पीठ. मार्च ते मे या काळात इथल्या गच्च्यांवर जे वाळत असतं, त्यातला बराच भाग शेवटी शहरात खाल्ला जातो.

बिबड्यांचं पाहा. ज्वारी कांडून कोंडा काढायचा, ती तीनेक दिवस भिजवून आंबवायची, दळून तिखट, लसूण, जिरं, तीळ, मीठ घालून भल्या पहाटे मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा. ऊन चढायच्या आत ओल्या कापडावर पाण्याच्या हाताने थापायचे. मुलांना वाटीत गरम घाटा आणि वर तेलाची धार मिळते, तेवढ्यासाठी ती पहाटे उठून बसतात. संध्याकाळी कापड उलटं करून मागून पाणी शिंपडायचं, बिबडे अलगद सोडवायचे आणि पुन्हा एक-दोन उन्हं द्यायची. वाळलेला बिबडा मोडला की टणक आवाज येतो. वाकला तर ऊन कमी पडलं.

उडदाच्या पापडाचं शास्त्र उलटं आहे. तो कडक उन्हात टाकला तर कडा वळतात आणि तडे जातात, म्हणून त्याला हलकं ऊन दाखवून सावलीत वाळवतात. त्याच्यात थोडी ओल राहतेच, राहायला हवीच. त्यामुळे मुंबईला जाताना सगळ्यात जास्त काळजी पापडाची करावी लागते. कुरडया आणि बिबडे तिथे नुसते नरम पडतात, पापडाला बुरशी धरते.

माझ्या सासूबाई पापडाचा डबा कसा भरतात ते सांगते. आधी पत्र्याचा किंवा स्टीलचा डबा उन्हात तापवून घेतात आणि पूर्ण निवू देतात. पापड सकाळी कोवळ्या उन्हात पुन्हा एकदा पसरतात, मग आत आणून निवेपर्यंत ठेवतात. गरम पापड डब्यात घालून झाकण लावलं तर आतच वाफ धरते, आणि डबा इथे उघडला जात नसल्याने ती तशीच मुंबईपर्यंत जाते. निवलेल्या पापडांची चळत हाताने दाबून घट्ट करतात, मध्ये हवा राहू देत नाहीत. धुवून वाळवलेल्या जुन्या साडीच्या धडप्यात ती बांधतात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग डब्यात. वर हिंगाचा खडा. हे सगळं दुपारी, हवा सगळ्यात कोरडी असताना. पहाटे गाडी असली तरी त्या डबा आदल्या दुपारीच बंद करतात. मी एकदा विचारलं, इतकं कशाला? त्या म्हणाल्या, "तठे हवा वली ऱ्हास, माय." याहून नेमकं कारण मला कुठल्या पुस्तकातही मिळालं नसतं.

कुरडई वजनाला काहीच नाही, पण जागा फार खाते आणि पहिल्या धक्क्याला चुरा होते. तिला पिशवीत घालू नये. कडक डब्यात भरून सामानाच्या सगळ्यात वर ठेवावी. बिबडे मात्र एकावर एक रचले की वजन सोसतात, ते खाली. शेवया दोन्हींच्या मध्ये भरून पोकळ जागा बुजवायच्या.

काळ्या मसाल्याची गोष्ट मिरचीपासून सुरू होते. नंदुरबार आणि दोंडाईचाच्या बाजारातून आलेली लाल मिरची देठं काढून उन्हात कडकडीत करतात, खोबरं आणि खडा मसाला भाजून डंकावर कुटून आणतात. डंकावरून आलेला मसाला गरम असतो. तो परातीत पसरून निवल्याशिवाय बरणीत जात नाही. बरणीत भरताना वाटीच्या बुडाने दाबत दाबत भरायचा आणि वरून मिठाचा पातळ थर द्यायचा. शहरात गेल्यावर ही बरणी रोज उघडू नये. आठवड्यापुरता मसाला छोट्या डब्यात काढून घ्यावा आणि चमचा कोरडा असावा.

कळण्याच्या पिठाबद्दल आमच्या दोन घरांत एकमत नाही. ज्वारी आणि काळे उडीद मीठ घालून दळलेलं हे पीठ, ज्याची भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली की बाकी काही लागत नाही. माझी आई ते तयार पीठ पाठवते, कारण शहरातल्या गिरणीत दळण कशावर पडेल याचा भरवसा नसतो. सासूबाई धान्य मिसळून कडुनिंबाचा वाळका पाला घालून पाठवतात, कारण दमट हवेत पिठाला जाळी लवकर धरते. माझ्या मते पंधरा दिवसांत संपेल इतकंच पीठ न्यावं, आणि जास्त हवं असेल तर धान्य.

काही गोष्टी मात्र आग्रहाने नेऊ नयेत. भरिताच्या हिरव्या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि शहरातले नातेवाईक बारा महिने ती मागतात, पण चांगलं भरिताचं वांगं थंडीचं. मेमध्ये मिळालं तरी त्याला ती चव नाही. केळ्यांनाही त्याच वर्षी मानांकन मिळालं. पिकलेली केळी बंद बॅगेत रात्रीत काळी पडतात आणि कपड्यांना डाग लावतात. न्यायचीच असतील तर कच्ची फणी वेगळ्या कापडी पिशवीत, हातात.

घरातल्या बाईला विचारलं तर ती अजून दोन डबे काढून देईल, म्हणून वजनाचं आधी ठरवावं. रेल्वेत स्लीपरला आणि तिसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्याला ४० किलोपर्यंत सामान चालतं. पण खरी अडचण पुढे येते. विदर्भ, अमरावती-मुंबई अशा रात्रीच्या गाड्या सकाळी पोहोचवतात, आणि कल्याणला किंवा दादरला उतरून लोकल धरायची म्हटलं की समोर कामावर निघालेली गर्दी असते. तिथे एक मोठं पोतं दोघांनी धरून चढवणं अशक्य आहे. म्हणून एक मोठी बॅग करण्यापेक्षा दोन मध्यम कराव्यात, प्रत्येक एका हाताने उचलता येईल आणि दोन्ही हात भरल्यावर पाकीट छातीशी असेल अशी. धुळ्याहून आग्रा रोडने मालेगाव-नाशिकमार्गे बसने जाणाऱ्यांनी लोणच्याची बरणी डिकीत आडवी ठेवू नये. झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद, वरून दोऱ्याचे वेढे आणि बरणी पायांशी उभी, एवढं केलं की तेल सांडत नाही.

कधी निघायचं हे आखाजीवर ठरतं. अक्षय्य तृतीया हा खान्देशात दिवाळीच्या तोडीचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, पितरांसाठी घागर भरली जाते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो, झाडांना झोके बांधले जातात. आखाजीच्या आधी मुंबईला निघालेल्या माणसाच्या बॅगेत वाळवण निम्मंच असतं, कारण निम्मं अजून गच्चीवर असतं. आखाजी झाल्यावर निघालेल्या लेकीच्या बॅगेत सगळं असतं, वर तळलेल्या सांजोऱ्यांचा डबा. मे संपता संपता निघणाऱ्याने छत्रीही घ्यावी. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, पण त्याआधीच्या सरी कुणाला विचारून येत नाहीत.

वाटेत खायला दशम्या. कणीक पाण्याऐवजी दुधात मळली की पोळी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. बरोबर शेंगदाण्याची चटणी, कोरडा झुणका, कांदा. कांदा खिशात ठेवला की ऊन लागत नाही असं आमच्याकडे मानतात. मी तो जेवणात खाते आणि खिशात मीठ-साखरेची पुडी ठेवते. भाजी रश्शाची नको, दही नको. जळगावच्या फलाटावर रात्री अकरालाही दगड तापलेले असतात, आणि तेवढ्या वेळात दही आंबट होतं.

एक बॅग मात्र या सगळ्यांपासून वेगळी भरायची असते. खान्देशातून मुंबईला जाणारे कितीतरी लोक लग्नाला किंवा सुट्टीला जात नाहीत, परळच्या टाटा हॉस्पिटलला जातात. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाचं नाव आमच्या खेड्यांत नुसतं "टाटा" असंच घेतलं जातं, आणि ते घेताना आवाज खाली येतो. ही बॅग भरताना मी घरची बाई आणि बाप्ये दोघांनाही गोंधळलेलं पाहिलं आहे. पापडाचा डबा कसा भरायचा हे सगळ्यांना येतं, पण कागद कसे न्यायचे हे कुणी शिकवलेलं नसतं.

म्हणून इथे सविस्तर सांगते. सगळे जुने केसपेपर तारखेप्रमाणे लावून एका फाइलमध्ये, सगळ्यांच्या दोन झेरॉक्स वेगळ्या. एक्स-रे आणि स्कॅनच्या फिल्म गुंडाळून बांधू नका, घडी घालू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा. आधार कार्ड आणि रेशन कार्ड मूळ प्रत. राज्याची आरोग्य योजना २०१२ साली पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यात धुळे होतं. आज ती महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालते आणि ही कागदपत्रं तिथे पहिल्या खिडकीवरच मागतात. रुग्णाला जुना, मऊ झालेला सुती सदरा किंवा गाऊन द्या, पुढून उघडणारा. आपली चादर, स्टीलचा पेला, चमचा, पंचा. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा परगावच्या रुग्णांना आणि सोबतच्यांना आसरा देते. अशा जागी सामान जितकं कमी तितकं बरं, म्हणून या खेपेला वाळवण घरी राहू द्या.

इन्सुलिन असेल तर रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये न्या. बर्फ घातलात तर मध्ये कापडाची जाड घडी ठेवा, कारण गोठलेलं इन्सुलिनही वाया जातं. ओल्या फडक्यात गुंडाळून नेण्याची युक्ती जळगाव ते नाशिक चांगली चालते, कसाऱ्याच्या खाली तिच्यावर विसंबू नका.

आणि शेवटचं. गावच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासला असेल, तर मुंबईत त्याच्या काचेच्या स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागतात. निघण्याआधी पॅथॉलॉजी लॅबमधून ते मागून घ्या. पुष्कळ लोक फक्त रिपोर्ट घेऊन जातात आणि पुन्हा उलट फेरी मारतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा. मेण ५५-६० अंशांना वितळतं, आणि मे महिन्यात धुळ्याच्या स्टँडवर उभ्या असलेल्या बसची डिकी किंवा बंद मोटारीतला डॅशबोर्ड त्या आकड्याच्या फार जवळ जातो. ब्लॉक आणि स्लाइड प्लॅस्टिकच्या डबीत, कापडात गुंडाळून, सावलीत, तुमच्या मांडीवरच्या पिशवीत ठेवा. टपावर, डिकीत किंवा दुसऱ्याच्या बॅगेत कधीही देऊ नका.